एलडीआरसाठी उजेड

डहाणूला आमच्या कॉलेजात फिजिक्सची लॅब सांभाळणारे एक काका होते. सगळ्या मुलींना ते गुजरातीसारखं 'बेन', म्हणजे ताई, म्हणायचे आणि कुठलंही उपकरण हातात देण्याआधी त्यावर फुंकर मारायचे. बोलणं मोजकंच.

बारावीच्या प्रॅक्टिकलला मला एलडीआर आला. उजेड पडला की या मसुराएवढ्या पार्टचा रेझिस्टन्स बदलतो. दिवा जवळ-दूर करून तो मोजायचा होता. मी दिवा लावला आणि वीज गेली. बाहेरून आलेले परीक्षक म्हणाले, "थोडं थांबू, नाहीतर नुसती तोंडी घेऊ." तोंडी परीक्षेत माझी वाचाच बसते.

काका गुपचूप बाहेर गेले. परतले ते स्वतःच्या मोटरसायकलची बॅटरी आणि हेडलाइटचा बल्ब घेऊन. "करा, बेन," एवढंच म्हणाले.

पेपर देऊन मी काकांचे आभार मानायला गेले, तर ते उन्हात उकिडवे बसून बॅटरी परत बसवत होते.

"काय आलं?" त्यांनी विचारलं.

"उजेड वाढला तसा रेझिस्टन्स कमी झाला, काका."

"असं होय! इतकी वर्षं मांडून देतो, पण काय येते ते कोणी सांगितलंच नाय."

मग मी तिथेच त्यांच्याशेजारी बसले आणि सगळी रीडिंग्ज त्यांना एकेक करून सांगितली.