हिरवी खूण
खंडेराव सांगोल्याकडचा, बोलायला मोकळा. भावकीतलं भांडण असो की स्वतःची पोटदुखी, बेटेगावच्या चाळीत सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगायचा. छातीतलं दुखणं तेवढं त्याने पोटात ठेवलं.

तारापूरच्या एका रसायन कारखान्यात तो एकोणीस वर्षं पिंपं धूत होता. मागच्या वर्षी कारखान्याने कामगारांच्या मोबाइलवर आरोग्य तपासणीचा नवा पास दिला. डॉक्टरचा अहवाल कुलूपबंद होऊन, तुकडे होऊन कुठकुठल्या संगणकांवर जायचा. किल्ली म्हणजे बारा शब्द, तेही फक्त त्या कामगाराला ठाऊक. फाटकावर नुसती हिरवी खूण दिसायची. खंडेराव भलताच खूश. "ठेकेदाराच्या बापालाबी कळायचं नाय, आत काय हाय ते," असं चाळभर सांगत फिरला.

खोकला वाढला तशी त्याची बायको मैनाबाई हटून बसली. सकाळी खूण दाखवल्याशिवाय ती डबा हातात देईना. तो मोबाइल तिच्या नाकासमोर धरायचा, अंगठा बरोबर खुणेच्या खाली. हिरवं दिसलं की तिचा जीव भांड्यात पडायचा. बरा आहेस ना, असं ती तरीही विचारायची. तो हसायचा, आणि हसता हसता खोकायचा. तिला एकटीला भोळी म्हणून काय उपयोग, सगळी चाळच त्या खुणेवर निर्धास्त होती.

माघात तो गेला.

तेराव्यानंतर मैनाबाई त्याचा मोबाइल घेऊन तपासणी केंद्रात गेली. दुसरं काही नको, त्याला काय झालं होतं तेवढं सांगा, म्हणाली. तिथल्या उत्कर्षा नावाच्या पोरीने बारा शब्द विचारले. मैनाबाईने गावाचं नाव सांगितलं, बैलाचं सांगितलं, शेवटी स्वतःचं सांगितलं. पोरगी कासावीस झाली. शब्द यंत्रानेच निवडलेले असतात, आम्हीही ते ठेवत नाही, म्हणाली.

"पन खूण तर रोज हिरवी हुती," मैनाबाई म्हणाली.

"काकू, कारखाना एवढंच विचारायचा, तपासणी झाली का. निकाल काय आला, ते त्या खुणेत नसतं. तो फक्त काकांना दिसायचा."

मैनाबाईने मोबाइल डोळ्यांजवळ नेला. खुणेखाली बारीक अक्षरांत एक ओळ होती: तपासणी पूर्ण. सातवी शिकलेली बाई, तिने ती दोनदा वाचली. वर्षभर रोज सकाळी तिथे त्याचा अंगठा असायचा.

तिला त्याचा राग आला, इतका की रडूही फुटेना. मग तिने त्या ओळीवर आपला अंगठा ठेवला आणि हिरव्या खुणेकडे बघत बसून राहिली.