सोललेले छोले

आमच्या रोह्यात डोहाळे लागतात ते चिंचेचे, कैरीचे, फार तर भट्टीतल्या मातीचे. आमच्या सुनेला लागले हमसचे! लग्नाआधी ती दुबईत नोकरीला होती. तिथे हा छोल्यांचा मऊ लगदा रोटीला लावून खातात म्हणे. तिसरा महिना सरत आला तरी पोरीच्या पोटात पाणीसुद्धा ठरत नव्हतं. मनगटातल्या बांगड्या कोपरापर्यंत चढायच्या. हे मी वाढवून सांगत नाही, बाकीचं सगळं वाढवून सांगतो. डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, परवापर्यंत काही खाल्लं नाही तर ॲडमिट करावं लागेल.

मी तडक पनवेल गाठलं आणि मॉलमधून हमसचा तयार डबा उचलला. येताना गाडी कासू स्टेशनात एवढी रखडली, की डब्यावरची मुदत तिथेच संपते की काय असं वाटलं. घरी सुनेने बोटभर घेतलं, जिभेला लावलं आणि थेट मोरीकडे धावली.

"बाबा, ह्याला कसलातरी आंबूस वास येतोय हो," परत येऊन ती रडवेली झाली.

माझी बायको पेणची. माहेरी गणपतीच्या कारखान्यात मूर्तींचे डोळे रेखायची. तिने डबा हुंगला, बाजूला सारला.

"ह्यात असतं काय गो?"

"छोले, तीळ, लसूण, लिंबू."

"मग त्याला पनवेलला कशाला जायला पायजे? ह्यांना गाडीत बसायची हौस!"

आता आमच्याकडे कडधान्य म्हणजे वाल. ते भिजवायचे, फडक्यात बांधायचे, मोड आणायचे आणि एकेक सोलायचे. मोड यायला वेळ नव्हता, पण बाकी छोल्यांनाही बायकोने तोच न्याय लावला; त्याच रात्री भिजत घातले. दुसऱ्या दिवशी दुपारी शेजारच्या दोघीजणी पडवीत परात मांडून बसल्या. सून भिंत धरत बाहेर आली.

"अहो आई, ह्याची सालं कुणी काढत नाही!"

"आमी काढतो. सालासकट घातलं तर पोटातला म्हणेल, आजी आळशी हाय."

"व्हय गो," शेजारीण म्हणाली, "तशी ती हायच. पण त्याला आत्ताच कशाला कळायला पायजे?"

मी बघत बसलो. अंगठ्याचा जरासा दाब, की दाणा अखंड, गुळगुळीत, टपकन परातीत. एकही फुटला नाही. चिमणीच्या डोळ्यालासुद्धा साल असतं तर ह्या बायकांनी ते तिला न उठवता काढलं असतं! सालांचा ढीग असा, की शेजारणीचं मांजर त्यात शिरलं ते चहाच्या वेळी सापडलं. मग शिजवणं, भाजलेले तीळ पाट्यावर वाटणं, लसूण, लिंबू. वाटीत आलं ते लोण्याला लाजवणारं.

सुनेने भाकरीचा तुकडा बुडवून खाल्ला. मग दुसरा. आम्ही चौघं तिच्या गळ्याकडे टक लावून. पाच मिनिटं गेली. पंधरा गेली. पडवीत कुणी जागचं हलेना. मोरीकडे जाणारी वाट मोकळीच राहिली.

अर्ध्या तासाने तिने वाटी पुढे केली. "अजून आहे?"

बायकोने वाटी भरून दिली, डोळ्यांना पदर लावला आणि उद्यासाठी छोले निवडायला घेतले.