लोणच्याचा चमचा

मुळशी तालुक्यातल्या चांदे गावात मी ज्यांच्याकडे भाड्यानं राहते, त्या मावशींमुळे मी पास झाले. नेपाळात आठवीला सोडलेली शाळा बाहेरून पूर्ण करून मी मुळशीत फॉरेन्सिक केमिस्ट्री शिकायला आले. पण पहिल्या प्रात्यक्षिकात मला साध्या पाण्यातही विष सापडलं. पुन्हा नापास झाले, तर घरी परतावं लागणार होतं.

त्या काळजीत जेवताना मी आंब्याच्या लोणच्याचा चमचा लिंबाच्या बरणीत घातला.

"ए बये," मावशी ओरडल्या, "एकाचा चमचा दुसऱ्यात घालतीस व्हय? समदं नासंल की!"

प्रयोगशाळेत मी हेच करत होते. सगळ्या बाटल्यांना एकच ड्रॉपर!

फेरपरीक्षेत प्रत्येक बाटलीला वेगळा घेतला. पाणी पाणीच निघालं, विष विषच. परीक्षक म्हणाले, "फार स्वच्छ काम."

मावशी, एक दिवस तुम्हाला माझ्या गावी नेईन आणि आईच्या बरण्यांचे चमचे तुमच्याच हाती देईन.