मूठभर कोंड्याला घेतलेलं बाळ

माझ्या सासऱ्यांना मारणारे काही जण त्यांच्या तेराव्याला येऊन पोटभर जेवून गेले.

वाढायला मीच होते.

आज तात्यांना जाऊन वर्ष झालं. तेव्हा लिहायला हात धजला नाही. आज लिहिते. कुणाला झोंबलं तर खुशाल अनफ्रेंड करा.

दुरो आमच्या बारामतीच्या घरात वरच्या खोलीत भाड्यानं राहतो. नायजेरियाचा, शेतीचं शिकायला आलेला. गल्लीनं पहिल्याच दिवशी त्याचं नाव 'काळू' ठेवून टाकलं.

तात्या लोणी भापकरहून आले की त्याच्याजवळ जाऊन बसायचे. अर्धं आयुष्य मेंढरांमागं परमुलखात गेलेलं, त्यांना परक्या माणसाची कसली भीड?

"आरं, दुरो म्हंजी काय रं?"

त्यानं मोडक्यातोडक्या मराठीत सांगितलं. पूर्ण नाव दुरोसिन्मी. त्याच्या आधीची भावंडं जगली नव्हती. म्हणून आईनं नाव ठेवलं, 'थांब, मला माती देऊनच जा.'

त्याच्या आजोबांचं नाव अकिसातान. म्हणजे, तुला गुंडाळून पुरायला आता चिंध्यासुद्धा उरल्या नाहीत, तेव्हा मरू नकोस.

तात्या मांडीवर थाप मारून म्हणाले, "सूनबाई, ह्यो तर आपल्यातलाच हाय की! माझ्याबी आदीची समदी गेली, म्हणून आयनं दगडू ठिवलं. दगडाला कोण उचलून न्हेतंय?"

तेव्हापासून दोघांचं मेतकूट जमलं.

माझी नणंद शोभा, तात्यांची धाकटी लेक, कळंबकडच्या एका गावात दिलेली आहे. गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही. तिची बाळं हाती लागत नव्हती. गेल्या वर्षी मुलगा झाला आणि बारशाला तात्या हटूनच बसले, पोराला कोंड्याला विकायचं.

ही आपल्याकडची जुनी रीत. ज्या घरात मुलं जगत नाहीत, तिथं बाळ परक्याला मूठभर कोंड्याच्या बदल्यात द्यायचं. त्यानं ते रस्त्यापलीकडं न्यायचं, आईनं मग मागून आणायचं. पोर आपलं नव्हेच म्हटलं, की मरण त्याच्या वाटेला जात नाही. कितीतरी कोंडाजी, कोंडिबा असेच झालेत.

"परका म्हणून ह्याच्यापरीस कोण गावणार?" दुरोकडं बोट दाखवत तात्या म्हणाले. "आन् नाव बगा त्याचं! ह्याच्या हातातनं पोरगं जायाचं न्हाय."

त्याच आठवड्यात सगळ्या ग्रुपवर पोरं पळवणाऱ्या टोळीचा व्हिडिओ फिरत होता. कुठला, कधीचा, देव जाणे.

बारशाला आम्ही दुरोला घेऊन शोभाच्या गावी गेलो, त्या दिवशी तिथं बाजार होता. दुरोनं शोभाच्या हातात कोंडा दिला. तिनं कुंची घातलेलं बाळ त्याला दिलं. तो रस्ता ओलांडून गेला.

दोन मोटारसायकली करकचून थांबल्या.

"ए, पोरगं कुणाचं हाय?"

"माझा," दुरो म्हणाला. "मी विकत घेतला."

खरं तेच बोलला बिचारा.

पहिली काठी पाठीत बसली. दुसरी कानावर. बघता बघता सगळा बाजार गोळा झाला.

दुरो गुडघ्यांवर बसला आणि बाळाला पोटाखाली घेतलं. हात मोकळा केला असता तर डोकं वाचवता आलं असतं. त्यानं केला नाही. त्याचं कोपर मोडल्याचा आवाज मी ऐकला. ऊस मोडावा तसा.

शोभा टाहो फोडत होती, "माझं बाळ! माझं बाळ!"

ती ओरडेल तसा मार वाढत होता. त्यांना वाटलं, ते तिचंच काम करतायत.

तात्या धावले ते थेट दुरोच्या अंगावर पालथे पडले. "आरं नातू हाय माझा! ह्योबी आमचाच हाय! मारू नगा रं!"

मी एकाच्या दंडाला कडकडून चावले. त्यानं मला गटारात ढकललं. तिथून मला नुसते पाय दिसत होते. आणि एक टॉमी, टेंपोतली चाक खोलायची लोखंडी. ती वर गेली आणि तात्यांच्या पागोट्यावर आली. परत वर गेली.

पागोटं तांबडंच. रक्त दिसायला वेळ लागला.

मग कुणीतरी शोभाला ओळखलं. "आरं, ही तर आपल्या गावची सून!" काठ्या तिथंच टाकून सगळे पांगले. बाळाला ओरखडाही नव्हता.

बारामतीच्या दवाखान्याकडं निघालेल्या गाडीत तात्यांचं डोकं माझ्या मांडीवर होतं.

"पोरगं?"

"हाय तात्या. बरं हाय."

"आन् दुसरं?"

पुढच्या सीटवर दुरो कण्हत होता. "तेबी हाय, तात्या."

वाटेत सणसर यायच्या आत ते गेले.

एवढा बाजार भरलेला, पण पोलिसांना सांगायला कुणालाच काही दिसलं नाही. पकडलेले जामिनावर सुटले, न पकडलेले शोभाच्या सासरच्यांसोबत तेराव्याला आले. दुरोची आई रोज व्हिडिओ कॉलवर रडून त्याला परत बोलावते. तो साक्ष दिल्याशिवाय जाणार नाही म्हणतो. शोभाला मात्र सासरच्यांनी बजावलं होतं, गावात राहायचंय ना, मग तोंड बंद.

वर्षभर ती गप्प होती. मला तिचा राग यायचा.

परवा तिचा फोन आला.

"वैनी, पोरगं चालाया लागलं. अंगणाभाईर गेलं की त्यो टॉमीवाला उचलून घेतो, बिस्कीट देतो. पोरगं त्याला काका म्हणतंय."

मी गॅस बंद केला.

"काल त्याच्या हातातनं पोरगं हिसकून घेतलं मी. साक्षीला मीबी येतीया. घरातनं काढलं तर काढू द्या."

मी म्हटलं, या घरात तुझी खोली आहे.

ज्यांच्या मोबाईलमध्ये पोरं पळवणाऱ्या टोळीचा तो व्हिडिओ अजून आहे, त्यांनी या पोस्टखाली हात जोडू नयेत. तुमची श्रद्धांजली तुमच्यापाशीच ठेवा.

तात्या, शोभा येतेय. आम्ही तिघंही कोर्टात उभे राहू. तुम्ही आता निवांत पडा.