यॉर्कचं कार्ड

आमचे भावजी, म्हणजे माझे धाकटे दीर, रस्त्यानं चालताना कायम वर बघायचे. कुंभकोणमला मान वर केली की कुठल्या ना कुठल्या देवळाचं गोपूर दिसतं आणि खाली घातली की शेण. त्यामुळे सारंगपाणीच्या देवळाच्या रस्त्यानं घरी येताना त्यांचा एक तरी पाय भरलेला असायचाच. सासूबाई तांब्या घेऊन दारात उभ्या. "कुठला रे आज?" एवढंच विचारायच्या. भावजी उजवा नाहीतर डावा पाय पुढं करायचे आणि म्हणायचे, "पाय धुता येतो, आई. बघायचं राहिलं की राहिलं."

मी बारा वर्षांची असताना त्या घरात आले. भावजी एकोणीसचे, कॉलेजात जाणारे. दुपारी बाहेरच्या तिण्णैवर, म्हणजे आमच्याकडच्या ओट्यावर बसून त्यांनी मला बाळबोध लिहायला शिकवलं, आणि अक्षरं संपल्यावर इंग्लंडचा नकाशा. "वहिनी, हे कँटरबरी. हे यॉर्क. हे बाथ, इथं दगडी तळं आहे."

"कावेरी कुठं आहे?" मी विचारलं.

"कावेरी नाही."

"मग ती माणसं आंघोळ कुठं करतात?"

"तेच तर बघायला जायचंय," भावजी गंभीरपणे म्हणाले. मीही गंभीरपणे मान हलवली. इतकी मी शहाणी होते.

पुढं त्यांना विलायतेला शिकायची शिष्यवृत्ती मिळाली तेव्हा मामंजी आठ दिवस बोलले नाहीत. त्यांचे वडील तंजावरच्या दरबारात होते. राजाला वारस नाही म्हणून इंग्रजांनी राज्य घेतलं, तशी ही मंडळी कुंभकोणमला आली. नवव्या दिवशी मामंजी म्हणाले, "ज्यांनी राजवाड्याला कुलूप घातलं, त्यांच्या देवळांना प्रदक्षिणा घालायला निघालास?" भावजी म्हणाले, "आपलं काय गेलं ते जन्मापासून ऐकतोय, बाबा. त्यांच्याकडे काय आहे ते एकदा बघू द्या." समुद्र ओलांडणाऱ्याला घरच्या पंगतीत जागा नाही, हे मामंजींनी सांगितलं नाही. सांगायची गरजच नव्हती. आगगाडी मद्रासच्या वाटेला लागली, तेव्हा खिडकीतून अर्धे बाहेर येऊन भावजी गोपुराकडे बघत होते. पार पुढच्या आडुतुरै स्टेशनापर्यंत बघत गेले असतील.

सुट्टी लागली की ते गावोगाव हिंडायचे आणि तिथून चित्रांची कार्डं पाठवायचे. मजकूर पेन्सिलीनं, उभ्या उभ्या लिहिलेला, आणि प्रत्येक गोष्ट कुंभकोणमच्या मापानं मोजलेली. 'बाथचं तळं पाहिलं. पाणी ऊन, पण कोणी बुडी मारत नाही, टोप्या घालून नुसते बघत उभे राहतात. आपल्या महामहाच्या तळ्याला हे सांगू नका, हसेल.' 'मैदानात उभे केलेले प्रचंड दगड पाहिले. मंडप अर्धा सोडून पाथरवट जेवायला गेले, ते आलेच नाहीत.' 'सॅलिसबरीचा कळस बघताना टोपी चिखलात पडली. आईला सांगा, आज पाय स्वच्छ आहेत.' कँटरबरीच्या कार्डावर मात्र थट्टा नव्हती. 'यात्रेकरूंच्या गुडघ्यांनी पायऱ्या झिजल्यात. हात लावून पाहिला. आपल्यासारखीच माणसं.'

कार्डं माझ्या नावानं यायची, कारण बाकी कोणाला लिहायची त्यांना परवानगी नव्हती. मी मोठ्यानं वाचायची, सासूबाई भाजी चिरता चिरता ऐकायच्या आणि मामंजी पलीकडच्या खोलीत ऐकत नसल्यासारखे पान लावायचे.

आता माझं कर्तृत्व ऐका. त्या वयात मला सोवळ्याचं वेड होतं. सासूबाई एकदा हात धुवायच्या तिथं मी तीनदा. आज नातवंडं माझ्यासमोर बेकरीचा पाव खातात आणि कडेचा तुकडा मीच मागून घेते, पण तेव्हा अख्ख्या गल्लीला माझा धाक होता. समुद्रापलीकडून, कोणकोणत्या हातांतून आलेली कार्डं तशीच घरात घ्यायची? मी नेम काढला की कार्ड आलं की आधी तुळशीच्या पानानं पाणी शिंपडायचं, मग उंबरा ओलांडायचा. शास्त्रात असं काही नाही. घरात कोणी सांगितलं नव्हतं. तो माझाच शोध. पेन्सिलीला पाण्यानं काही होत नसे, म्हणून कोणी मला अडवलंही नाही.

दोन वर्षं झाली आणि सासूबाईंनी भावजींसाठी घराचं दार किलकिलं केलं. शास्त्रीबुवांना गाठलं. ते म्हणाले, तीन दिवस कावेरीस्नान, पंचगव्य, आणि बसू द्या पंगतीत. त्या रात्री पानं वाढताना सासूबाई मामंजींना म्हणाल्या, "एक पान वाढलं तर काय होईल हो?" मामंजी बराच वेळ भात कालवत राहिले. मग म्हणाले, "वाढ. माझ्या शेजारी वाढ. पण त्यानं विचारायला पाहिजे. इथून आधी कोणी लिहायचं नाही."

त्यानंतर महिन्याभरात यॉर्कचं कार्ड आलं. त्या दिवशी घरात श्राद्ध होतं आणि मी पहाटेपासून ओलेत्यानं मिरवत होते. आज नुसतं शिंपडून भागायचं नाही, असं मला वाटलं. परसात जाऊन मी ते कार्ड सरळ कावेरीच्या पाण्याच्या हंड्यात बुडवलं. मजकूर ह्या वेळी शाईनं लिहिलेला होता. टेबलाशी बसून, विचार करून. हंड्यात निळा धूर पसरावा तसं झालं. कार्ड बाहेर काढलं तेव्हा एका बाजूला यॉर्कच्या देवळाचे दोन बुरूज कोरडेठाक असल्यासारखे उभे होते आणि दुसऱ्या बाजूला 'वहिनी' एवढंच उरलं होतं. तेही 'हि'पर्यंत.

एक ओळ लिहायची होती. 'कार्ड भिजलं, परत लिहा.' ती लिहायला त्यांनीच मला शिकवलं होतं. पण मग कसं भिजलं ते सांगावं लागलं असतं, आणि गल्लीतली सगळ्यांत सोवळी सून हसं झाली असती. मी कार्ड हळदीच्या डब्यामागं सुकवलं आणि तिथंच लपवलं. "कार्ड आलं नाही ग ह्या महिन्यात?" सासूबाईंनी विचारलं. "नाही," मी म्हटलं. पुढच्या महिन्यात तेच विचारलं, तेच सांगितलं. मग कार्डं खरोखरच यायची थांबली. भावजींनी तिकडेच नोकरी धरल्याचं दुसऱ्यांकडून कळलं. सासूबाई दारातला तांब्या रोज भरायच्या आणि संध्याकाळी तुळशीला ओतायच्या. असं चार वर्षं चाललं. मग त्या गेल्या.

तार मिळून भावजी आले तेव्हा दिवसकार्य होऊन दोन महिने झाले होते. ते तिण्णैवरच बसले. मामंजी काठी टेकत बाहेर आले. "आत ये."

"आता कशाला, बाबा? विचारलं तेव्हा गप्प राहिलात."

"विचारलंस? कधी?"

"यॉर्कहून. वहिनींच्या नावानं लिहिलं होतं." मग त्यांनी पाठ म्हणावं तसं म्हणून दाखवलं, "वहिनी, माझ्या पानाला घरात जागा असेल तर एक ओळ लिहा, मिळेल ती बोट पकडतो. नसेल तर काही लिहू नका. मी समजेन."

दोघंही माझ्याकडे बघायला लागले. हळदीचा डबा माझ्या पाठीमागं आठ पावलांवर होता.

"असं कार्ड मिळालंच नाही, भावजी," मी म्हटलं.

मामंजींनी काठी ओट्यावर आपटली. "टपाल," ते म्हणाले. "इंग्रजांचं टपाल." मरेपर्यंत ते टपालखात्याला शिव्या देत राहिले आणि मी त्यांना पाणी नेऊन देत राहिले.

भावजी माझ्याकडे थोडा जास्त वेळ बघत राहिले. "असेल," ते म्हणाले. "समुद्र मोठा आहे." बापाच्या पाया पडून ते उठले. त्यांच्यासाठी म्हणून मी तांब्या भरून दारात आणला होता, तो हातातच राहिला. गोपुरावर ऊन होतं, पोपट ओरडत होते. सगळी गल्ली संपेपर्यंत ते मान खाली घालून चालत गेले.

त्या दिवशी भावजींचा पाय शेणात पडला नाही.