बन्सीधरअण्णांनी केलेलं वाघाचं स्वागत

ताडकळसच्या पंचक्रोशीत लग्न कोणाचंही असो, नवऱ्याच्या आधी बन्सीधरअण्णा ठरतात. नवरा मिळाला नाही तर लग्न वर्षभर पुढं ढकलता येतं, पण माईकवर अण्णा नसतील तर पत्रिकेत नावं छापलेली मंडळी येऊन करणार काय? आपल्याकडं लग्नाला माणूस जेवायला थोडाच येतो? तो आपलं नाव पुकारलेलं ऐकायला येतो.

अण्णांना ही नस बरोबर सापडलेली. मांडवाच्या तोंडाशी पांढरी गाडी थांबली की आत कोण आहे हे न बघताच ते सुरू होत, "ज्यांच्या आगमनाची आपण सर्वजण चातकासारखी वाट पाहत होतो, ते आपल्या सर्वांचे लाडके, दीनदुबळ्यांचे कैवारी..." आणि दार उघडून जो उतरेल त्याचं नाव शेवटी जोडून देत. एकदा गाडीतून नुसता ड्रायव्हर उतरला, तोही आचाऱ्याला पातेलं द्यायला. त्यालाही फेटा बांधला गेला. पुढं त्यानं सोसायटीची निवडणूक लढवली. मुहूर्त दुपारचा असला तरी स्वागतं संपून अक्षता पडेपर्यंत उन्हं कलत, आणि नवरदेव उपाशीपोटी पेंगायला लागलेला असे.

माईक बंद झाला तरी अण्णा बंद होत नसत, ही खरी पंचाईत होती. घरात सकाळी कप पुढं आला की, "चहाचं आगमन झालेलं आहे!" शेजारच्या गल्लीतली माणसंही मग चूल पेटवायला उठत.

त्यांची बायको चतुराबाई चारठाण्याची लेक. ती अबोल आहे असं सगळं गाव म्हणायचं. अबोल कसली? तिला मध्ये घुसायला फट मिळत नव्हती. उभ्या संसारात तिनं नवऱ्याकडं सोनं मागितलं नाही, काशी-रामेश्वर मागितलं नाही. तिचं मागणं एकच होतं, एकदा वाघ बघायचा. तिचा आजा जिंतूरच्या डोंगरात गुरं राखायचा. ओढ्यापलीकडं वाघ पाण्यावर आला, त्यानं आज्याकडं बघितलं, आज्यानं त्याच्याकडं बघितलं आणि दोघं आपापल्या वाटेनं गेले, ही गोष्ट तिनं लहानपणी इतक्यांदा ऐकलेली, की वाघ तिला माहेरचाच कुणीतरी भेटायचा राहून गेलेला वाटे.

"ह्या उन्हाळ्यात नक्की," अण्णा दर साल म्हणत. उन्हाळा आला की लग्नसराई येई, आणि वाघ पुढच्या साली ढकलला जाई.

मग चतुराबाईला सुईत दोरा ओवता येईना. परभणीच्या डॉक्टरनं डोळ्यात बॅटरी मारून बघितलं आणि सांगितलं, "शुगरनं डोळ्याचा पडदा खराब झालाय. इंजेक्शनं देऊ, पण गेलेली नजर परत येत नाही. जे बघायचं ते लवकर बघून घ्या."

"वाघ दिसंल का सायेब?" चतुराबाईनं विचारलं.

डॉक्टरला वाटलं, बाईला भास व्हायला लागले. अण्णांना मात्र कळलं. इतक्या वर्षांत किती ऐऱ्यागैऱ्यांना आपण मानानं खुर्चीवर बसवलं, आणि हिचा एक वाघ राहून गेला! त्यांनी हातातल्या लग्नतारखा सोडून दिल्या. नांदेडला दिलेल्या लेकीनं, निकितानं, मोबाइलवरून टिपेश्वरच्या जंगलाच्या दोन फेऱ्या बुक केल्या, एक दुपारची आणि एक दुसऱ्या दिवशी सकाळची.

आता अण्णा वाघ बघायला जाणार म्हटल्यावर गावाला कळायचं राहतंय होय? मांडववाल्या लिंबाजीनं ते परत येतील त्या दिवशी ग्रामपंचायतीसमोर सत्कारही ठेवून टाकला. वाघ दिसायच्या आधी सत्कार ठरलेला. रस्ता व्हायच्या आधी त्याचं उद्घाटन उरकणाऱ्या मुलखात ह्याचं कुणाला नवल वाटलं नाही.

चतुराबाईनं पिशवीत धपाटे आणि डोळ्यात घालायचे थेंब घेतले. अण्णांनी शाल, नारळ आणि लिंबोणी फेटा घेतला.

"ते कशाला?" तिनं विचारलं.

"वाघ दाखविणाऱ्या गाईडचा सत्कार नगं का करायला?"

दुपारी जिप्सीत बसताना नागसेन नावाच्या गाईडनं अण्णांना डोक्यावरचा फेटा उतरवायला लावला आणि हात जोडून सांगितलं, "काका, जंगलात फक्त एक गोष्ट पाळा. बोलू नका." जिप्सीत पुण्याचे एक गृहस्थही होते. अंगावर झाडपाल्याच्या रंगाचे कपडे, गळ्यात तोफेएवढा कॅमेरा, आणि सेंटचा वास असा की वाघाला ह्यांचा पत्ता फाट्यावरच लागावा.

समोरून येणारी प्रत्येक जिप्सी विचारी, "दिसला?" आणि उत्तर ऐकून तोंड पाडून पुढं जाई. वाटेत मोरानं पिसारा फुलवला, नीलगाईचा कळप आडवा गेला, चितळं तर पायलीला पन्नास. पुण्याच्या गृहस्थांनी कॅमेऱ्याचं झाकणसुद्धा काढलं नाही. मोर पाहुणा खरा, पण पद नसलेला. चतुराबाई मात्र डोळे बारीक करून सगळं बघत होती. अण्णांनी ओठ असे आवळून धरले होते, की गालाच्या शिरा फुगल्या होत्या.

पाणवठ्याजवळ वानर धोक्याचं ओरडलं. नागसेननं गाडी थांबवली. सागाचा वाळका पाला वाजला, गवत हललं आणि त्यातून वाघाचं डोकं बाहेर आलं. चतुराबाईच्या चष्म्यावर धूळ बसलेली, ती घाईघाईनं पदरानं काचा पुसत पुटपुटली, "कुटं? मला दिसंना की, कुटं?"

अण्णांचा ऊर भरून आला. तिला दाखवायचं होतं हो, दुसरं काही नाही. पण भरल्या उरातून आयुष्यभर जे बाहेर पडत आलं तेच पडलं, आणि तेही खड्या आवाजात.

"ज्यांच्या आगमनाची आपण सर्वजण चातकासारखी वाट पाहत होतो..."

सगळं रान दचकलं. वानरं फांद्यांवरून फेकल्यासारखी पळाली, आणि वाघ एका उडीत झाडीत गडप झाला. अण्णांच्या लाडक्या पाहुण्यांपैकी पूर्ण नाव ऐकायला न थांबलेला हा पहिलाच. पुण्याचे गृहस्थ जे बोलले ते इथं लिहिता येत नाही. नागसेननं कपाळाला हात लावला.

चतुराबाईनं पुसलेला चष्मा डोळ्यांवर चढवला तेव्हा समोर नुसतं गवत होतं. ती चष्मा काढून परत पुसत राहिली. नवऱ्यावर चिडलीसुद्धा नाही. ते अण्णांना शिवीपेक्षा लागलं.

सकाळी ते खोलीबाहेरच्या पायरीवर बसून राहिले. "तू जा. मी हितंच बसतो."

"मला येकलीला काय दिसनाराय? दाखवील कोन?" चतुराबाई म्हणाली. "तुमचे डोळे लागत्यात मला. तेवढं त्वांड न्हाई लागत."

लग्नापासूनचं तिचं हे सगळ्यांत मोठं भाषण. अण्णांनी खांद्यावरचं उपरणं काढलं, तोंडावर घट्ट आवळलं आणि मागं दोन गाठी मारल्या. फाटकावरच्या शिपायाला वाटलं, माणसाची दाढ दुखतेय. पुण्याच्या गृहस्थांनी मात्र गाठी ओढून बघून खात्री करून घेतली.

ऊन चढू लागलं, वानर परत ओरडलं आणि त्याच पाणवठ्यावर वाघ आला. कालचाच असावा, कालचा अपमान त्यानं मनावर घेतलेला दिसला नाही. वाटेच्या कडेनं तो सावकाश चालत आला. अण्णांच्या घशात शब्दांची रेटारेटी झाली, डोळ्यांत पाणी आलं, उपरणं ओलं झालं. त्यांनी चतुराबाईच्या हनुवटीखाली बोट धरलं आणि तिचं तोंड हळूच वाघाकडं वळवलं.

तिला दिसला. अगदी जवळ होता, थकल्या नजरेलाही दिसेल एवढा. आणि मग चतुराबाईच बोलायला लागली, कुजबुजत, थांबता थांबेना. "अगं बया, चालतंय कसं बगा... घाई न्हाई का कायी न्हाई... पानी प्यायलंय वो... वर बगितलं, बगा, आपल्याकडं बगायलंय..." अण्णांना हूं म्हणायचीही सोय नव्हती. वाघानं तिचं सगळं ऐकून घेतलं, मिशा झटकल्या आणि तो आपल्या वाटेनं गेला.

त्या संध्याकाळी ग्रामपंचायतीसमोर मांडव भरला होता. पहिल्या रांगेत आजी-माजी सगळे मानकरी आपापल्या नावाची वाट बघत बसलेले. "अण्णा, घ्या सुरुवात," म्हणत लिंबाजीनं माईक दिला. अण्णांनी तो तोंडाजवळ नेला आणि चतुराबाईच्या हातात दिला. पहिल्या रांगेत चुळबुळ झाली, कारण अजून एकाचंही नाव घेतलेलं नव्हतं.

तिनं माईक उलटासुलटा करून बघितला. "मी कवा बोलत न्हाई," ती म्हणाली. मांडवाला तिचा आवाज नवाच होता. "वाघ बगितला. लय मोटा हाय. पर तो आला तवा कुनी त्याचं नाव घेतलं न्हाई. हार न्हाई, फेटा न्हाई. तरी समद्या रानाला कळलं, आलाय म्हनून."

मग मागच्या बाजूला बसलेल्या बाया हसल्या, आणि ते हसणं हळूहळू पुढं सरकत पहिल्या रांगेच्या पाठीवर येऊन आदळलं. एका मानकऱ्यानं डोक्यावरचा फेटा चाचपून बघितला.

गाईडसाठी नेलेली शाल तशीच घडी करून परत आली होती. तोंड बांधलेलं असताना सत्काराचं कुणाला सुचतंय? अण्णांनी ती पिशवीतून काढली, उलगडली आणि बायकोच्या खांद्यांवर घातली. हयातीत पहिल्यांदाच त्यांनी एक सत्कार काही न पुकारता केला. चतुराबाईनं शाल मानेजवळ सारखी केली, माईक दुसऱ्या हातात घेतला आणि आज्याच्या ओढ्यापासून गोष्ट सुरू केली. लिंबाजीनं दोनदा हात पुढं केला, पण माईक काही तिनं सोडला नाही.