वडशाला जाऊन टाकलेलं पत्र

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. बायकोला नाही, नातीला तर नाहीच. आधी दिवस नोंदवतो; सवय आहे.

पोळ्यानंतरचा सोमवार, शाळेतली पालकसभा. त्याच आठवड्यातला गुरुवार, वडशाच्या स्टेशनाबाहेरची टपालपेटी. दिवाळीआधीचा रविवार, माझ्या घराची ओसरी. पाच वर्षांपूर्वीचे हे तीन दिवस. तिन्हींना जबाबदार एकच इसम — मी.

ब्रह्मपुरी तालुक्यातल्या आमच्या गावात अर्ज, तक्रार, अपील, जे काही कागदावर जायचं ते माझ्या ओसरीवर लिहिलं जातं. खाली सही, पूर्ण नाव, आणि एक प्रत घरी; हा माझा दंडक. सही नसलेल्या कागदाला मी कागद मानत नाही, हे मी किती जणांना ऐकवलं असेल?

त्या वर्षी मूल गावच्या वनिताबाई सहावीला शिकवायला आल्या. भाड्याच्या खोलीत एकट्या राहायच्या. शेवटच्या तासाला मुलांना एक कादंबरी वाचून दाखवायच्या — जादूच्या शाळेची. माझी नात त्याच वर्गात. घरी येऊन ती अंगणात बांबूची काडी घेऊन फिरायची, झाडाला टेकवायची, काहीतरी पुटपुटायची. मी तिला आणून दिलेलं राज्यघटनेचं पुस्तक फळीवर तसंच पडलेलं. माझ्या वडिलांनी छप्पन साली दीक्षा घेऊन घरातला देव्हारा बाहेर काढला, आणि त्यांच्या पणतीच्या हातात जादूची काडी? मला संताप आला. संतापच होता ना तो — की आणखी काही?

पालकसभेत मी जादूटोणाविरोधी कायद्याची प्रत हातात घेऊन उभा राहिलो. ज्या भागात नुसत्या संशयावरून बाईमाणसाला मारहाण होते, तिथे शाळेत जादू वाचायची? भाषण चांगलं झालं. वनिताबाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, “भाऊ, तुमी वाचलं काय हे पुस्तक?”

मागून कुणीतरी म्हणालं, “भाऊले कायदा पाठ हाय, पुस्तक वाचाले टाइम कुठी!”

सभा हसली. बाईही हसल्या — वाईट नाही, सहज. मी कायद्याची प्रत घडी करून खाली बसलो.

गुरुवारी मी डाव्या हाताने शिक्षण खात्याला पत्र लिहिलं. मजकूर एका वाक्याचा: सदर शिक्षिका मुलांना जादू शिकवतात. पुस्तकाचा उल्लेख मी मुद्दाम टाळला. का? तो केला असता तर साहेबांनी पुस्तक मागवलं असतं आणि प्रकरण तिथेच मिटलं असतं. हे मला लिहितानाच कळत होतं. सही केली नाही. प्रत ठेवली नाही. आमच्या टपालाचा शिक्का नको म्हणून बसने वडशाला जाऊन टाकलं.

चौकशीला आलेल्या साहेबांनी ते वाक्य शाळेच्या पटांगणात मोठ्याने वाचलं. त्यांना काही सापडलं नाही; ते निघून गेले. वाक्य गावात राहिलं. आठवडाभरात बाईंच्या शेजारचं एक लेकरू तापाने पडलं. मग हातपंपावर बाईंची पाण्याची गुंडी भरेपर्यंत बाया लांब उभ्या राहू लागल्या. घरमालकीण म्हणाली, “बाई, दुसरी खोली पाहा. मले काई नाई, पन लेकरं भेतात.” एखाद्या बाईच्या नावाला जादू हा शब्द चिकटला की पुढे काय होऊ शकतं, हे गावात माझ्याइतकं कुणाला ठाऊक होतं?

दिवाळीआधीच्या रविवारी त्या माझ्याच ओसरीवर आल्या. दुसऱ्या कुणाकडे जाणार? म्हणाल्या, “भाऊ, बिनसहीच्या पत्रावर चौकशी होत नाई ना? तसं लिहून द्या. आन् गावाले तुमीच समजावून सांगा. तुमचं आयकतात.”

ऐकलं असतं. लिहिताही आलं असतं — पण मग पत्र कुणाचं, हा प्रश्न निघाला असता. मी म्हणालो, बाई, वाद कशाला वाढवता, बदली मागा. आणि बदलीचा अर्ज मीच लिहिला, उजव्या हाताने, वळणदार अक्षरात. त्यांनी सही केली. माझे आभार मानले. त्या आता अहेरीपलीकडे शिकवतात, मूलला एकट्या असलेल्या आईपासून दिवसभराच्या वाटेवर.

जाताना ते पुस्तक त्यांनी माझ्या नातीला दिलं. यंदा ती कॉलेजसाठी ब्रह्मपुरीला राहायला गेली, तेव्हा मी ते वाचलं. त्या शाळेत पहिल्या वर्षी मंत्र नसतातच. काडी झाडाला टेकवायची आणि झाडाचं नाव सांगायचं. नाव खरं असेल तरच काडी उजळते. ऐन, बिजा, मोह, धावडा — नात अंगणात हेच म्हणत होती. बाईंनी पोरांना आपल्या जंगलातली झाडं ओळखायला लावली होती. मी ओठ हलताना पाहिले होते. कान दिला नव्हता.

जन्मभर मी इतरांकडून जाहीर खुलासे मागितले. आता एकच मागतो. प्रश्न भरसभेत विचारला गेला होता. ज्याला विचारला त्याने येत्या ग्रामसभेत, सगळ्यांसमोर उभं राहून, पत्राच्या कबुलीसह त्याचं उत्तर द्यावं. या कागदाची प्रत, सहीसह, बाईंना पाठवली आहे. त्यांच्याकडून काही मागितलेलं नाही. उत्तर एका ओळीचं आहे.

नाही बाई, मी वाचलं नव्हतं.